मोहाच्या झाडाखालचं बयान

परवा फोनवर मी तुला उत्तर दिलं नाही, ते लाइन तुटली म्हणून नव्हे. लाइन परत जोडता आली असती. तू विचारलंस, "आजी, समोरचा माणूस खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं? आम्हाला संशयितांची चौकशी या विषयावर निबंध आहे." तुझा धाकटा भाऊ मागून ओरडला, "आजीला काय विचारतेस, आजी नुसतं बघून ओळखते!" ते ऐकून मी गप्प झाले. आजीला नुसतं बघून ओळखता येत नाही. येतं, असं तिला तीस-बत्तीस वर्षं वाटत होतं, एवढंच.

म्हणून हे लिहून पाठवते आहे. दोघांनी वाचा. निबंधात यातलं काय घ्यायचं ते तुझं तू ठरव.

आपलं गाव आलापल्लीहून एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण यातली माणसं अजून इथेच आहेत आणि मला येताजाता भेटतात. माझ्या अंगणासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे वनविभागाचं लहानसं कार्यालय. तुम्ही आला होतात तेव्हा त्याच्या आवारातल्या नळावर पाय धुतले होते, आठवत असेल. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, लग्न होऊन इकडे आले आणि इथल्या शाळेत निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. गावात लहानथोर मला बाई म्हणतात.

चार-पाच वर्षं झाली असतील. एप्रिल लागला होता, मोहाची फुलं पडायचा हंगाम. पहाटेपासून फुलं टपटप पडायला लागतात आणि ऊन वर येईपर्यंत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वेचत बसतात. रानातल्या मोहावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण कुठलं झाड कुठल्या घराचं हे सगळ्या गावाला पाठ असतं. फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा मोकळी करतात, आणि तो विस्तव कधी कधी रानभर पसरतो. त्यामुळे या दिवसांत कुठेही आग लागली की पहिला संशय मोह वेचणाऱ्यांवर जातो. बऱ्याचदा तो खराही निघतो.

त्या आठवड्यात सागाच्या कोवळ्या रोपवनाचा मोठा तुकडा जळाला. जळालेल्या भागाच्या कडेला मोहाचं एकच झाड होतं. ते ज्या घराचं होतं त्या घरात त्या वेळी तिशीची एक बाई आणि तिच्या दोन लहान मुली एवढ्याच होत्या. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. ती वनविभागाच्याच रोपवाटिकेत रोजंदारीवर मातीच्या पिशव्या भरायची. आग लावल्याचा गुन्हा तिच्यावर लागला असता तर ते काम गेलं असतं, तिला कोर्टात नेलं असतं, आणि मुलींना बघायला घरात कोणी उरलं नसतं. हे सगळं एका चौकशीवर अवलंबून होतं. मला ते त्या दिवशीही ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी रेंजर साहेब माझ्या अंगणात आले. तरुण मुलगा, साताऱ्याकडचा, मनाने चांगला. चौकशी कशी करावी याचं प्रशिक्षण घेऊन नुकताच परतला होता.

"मॅडम, एक विनंती होती. एका बाईचं बयान घ्यायचंय. आमची महिला वनरक्षक बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि बाईमाणूस हजर पाहिजे. तासभर बसाल का?"

"बसेन. पण मी करायचं काय?"

"काही नाही. बसायचं आणि शेवटी सही करायची." मग जरा हसून म्हणाले, "आणि तुम्ही इतकी वर्षं पोरं हाताळलीत. खोटं तुम्हाला आमच्या आधी कळेल."

या वाक्याने मी फुगले. चष्मा पुसला, चांगली साडी नेसले आणि निघाले.

साहेबांनी खोली पुस्तकाप्रमाणे मांडली होती. टेबल फायलींच्या काचेच्या कपाटाशेजारी भिंतीला सरकवलेलं आणि मधोमध दोन खुर्च्या समोरासमोर. "मध्ये अडथळा नको, म्हणजे देहबोली दिसते," त्यांनी मला समजावलं. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रशिक्षणाचे कागद होते. मी कोपऱ्यात बसले. दाराशी त्यांचा वनरक्षक उभा राहिला. पन्नाशीचा, याच गावचा, कमी बोलणारा माणूस. जळालेल्या भागाची राखण त्याच्याकडेच होती.

ती बाई आली आणि दारातच थबकली. डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढून घेतला, कडेकडेने आत आली आणि खुर्ची सोडून फरशीवर बसली. तोंड भिंतीकडे.

"वर बसा, खुर्चीवर," साहेब म्हणाले.

मान हलली. नाही.

"अहो बसा, घाबरू नका."

ती आणखी भिंतीकडे सरकली.

"त्या दिवशी तुम्ही झाडाखाली होतात?"

"हो जी," पदराआडून.

"पाचोळा पेटवला होता?"

"नाई."

"मग आग कशी लागली?"

पदर आणखी खाली आला.

"तिथे आणखी कोण होतं? कोणाला पाहिलंत?"

आता तिने पदराचा बोळा तोंडावर धरला. साहेब खुर्चीतून पुढे वाकले. "इकडे बघा. माझ्याकडे बघून सांगा. कोणाला पाहिलंत?"

बराच वेळ गेला. मग ती एवढंच म्हणाली, "मले नाई सांगता येत."

"येत नाही म्हणजे? माहीत नाही की सांगायचं नाही?"

त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. साहेबांनी कागदावर एकेक खूण केली. नजर चुकवली. तोंड झाकलं. अंग फिरवलं. खुर्ची नाकारली. उत्तराला वेळ लावला. पाच खुणा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि मी मान हलवली. हो, खोटं बोलतेय.

बयानाखाली त्यांनी लिहिलं की बाईने प्रश्न टाळले व तिचं वागणं संशयास्पद होतं. सही करण्याआधी मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. हे सांगायची लाज वाटते, पण झालं ते असं झालं. अहवाल सोमवारी वरच्या कार्यालयाला जाणार होता.

मान हलवताना मला काडीची शंका आली नव्हती, कारण शाळेत माझी हीच पद्धत होती. काही बिनसलं की मी पोराला समोर उभं करायची आणि म्हणायची, माझ्या डोळ्यांत बघून सांग. ज्याने पाहिलं तो सुटला. एकदा वर्गातला भिंतीवरचा नकाशा फाटला होता. एटापल्लीच्याही आतल्या गावाहून आलेली एक मुलगी जमिनीकडे बघत उभी राहिली, मी तिला दिवसभर वर्गाबाहेर ठेवलं. नकाशा कोणी फाडला ते मला आजवर कळलेलं नाही. त्या मुलीनेच फाडला असं मात्र मी तेव्हा स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं.

शनिवारी आमचा आठवडी बाजार. मी वांगी निवडत होते आणि पलीकडे मोह विकत घेणारा व्यापारी पोती मांडून बसला होता. त्याच्यासमोर तीच बाई, कमरेवर हात ठेवून.

"ओली हाय तुझी फुलं," व्यापारी म्हणाला.

"ओली? नीट हात लावून पाह्य न भाऊ. तुझाच हात ओला असन, मघापासून घाम पुसून राह्यला!"

आजूबाजूचे हसले. व्यापारीही हसला. ती थेट त्याच्या डोळ्यांत बघत होती, आवाज अर्ध्या बाजारात ऐकू येत होता. ही गुरुवारची बाई? मी वांगी हातात धरून बघत राहिले.

"दोन दिवस वाळवली हाय मी, अन् तू म्हणते..." इथे ती वाक्य अर्धं टाकून थांबली. पदर कपाळाखाली ओढला, पाठ फिरवली आणि पोत्याआड खाली बसली.

"काय झालं बावा? आतावरी तं तोंड चालून राह्यलं होतं!" व्यापाऱ्याने टोमणा मारला. तिने हूं की चूं केलं नाही.

मी मागे वळून पाहिलं. एक मोटारसायकल येऊन थांबली होती. गुरुवारी दाराशी उभा होता तोच वनरक्षक उतरला. त्याने पोत्यांकडे एकदा पाहिलं, मान दुसरीकडे वळवली आणि लांबच्या रांगेने वळसा घालून तंबाखूच्या दुकानात गेला. तंबाखू घेऊन तसाच वळसा घालून परतला. गाडीचा आवाज दूर गेल्यावर ती बाई उठली आणि म्हणाली, "...तू म्हणते ओली!" जिथे सोडलं होतं तिथूनच.

मी वांगीवालीला विचारलं, "मावशी, हिला मध्येच काय झालं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्गात ढ पोराकडे बघायची ते आठवलं. "काऊन बाई, इतके वर्स इथी राहून तुमाले मालूम नाई? भासरा होय न तिचा. चुलत भासरा."

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आपल्याकडच्या अनेक घरांत धाकट्या भावाची बायको त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, चेहरा दाखवत नाही, त्याच्या देखत खुर्चीवर किंवा खाटेवर बसत नाही, त्याचं नाव घेत नाही. तोही तिच्याशी बोलत नाही. हे मला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. पण त्या खोलीत मी वर्दी पाहिली. वर्दीतला माणूस कोणाचा कोण, हे मी विचारलंच नाही.

वांगी तिथेच राहिली. मी तडक कार्यालयात गेले.

"साहेब, गुरुवारचं बयान चुकलं आहे."

"मॅडम, तुम्हीच तर मान हलवलीत."

"हलवली. चुकीची हलवली."

त्यांनी फोल्डर उघडलं. "पाच खुणा होत्या. मी नोंदवल्यात."

"त्याच खुणा मी आत्ता बाजारात परत पाहून आले. तेव्हा तिला कोणी काही विचारत नव्हतं." मग मी त्यांना भासऱ्याचं सांगितलं. साताऱ्याच्या माणसाला ते समजायला थोडा वेळ लागला.

"मग तिने सांगायचं ना, याला बाहेर पाठवा म्हणून."

"कोणासमोर सांगायचं? त्याच्याचसमोर?"

"त्याने तरी सांगायचं."

"तोही तिच्यासमोर बोलत नाही. आठवून बघा, गुरुवारी तुम्ही तिला बोलवायला त्याला पाठवलंत, तेव्हा त्याने काय केलं असेल? शेजारणीच्या अंगणात उभं राहून हिला ऐकू जाईल असं शेजारणीला मोठ्याने सांगितलं असेल." साहेबांनी मागाहून विचारलं तेव्हा तसंच निघालं.

"पण अहवाल सोमवारी जायचाय. रोज वरून फोन येतोय."

"मध्ये अख्खा रविवार आहे."

"आणि मी परत बयान नाही घेतलं तर?"

"तर मी माझी सही मागे घेते असा अर्ज लिहीन आणि वरच्या कार्यालयाला पाठवीन. इंग्रजीत."

ते हसले, पण माझ्याकडे पाहून थांबले. मी हसत नव्हते. त्या अर्जाचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. शेवटी म्हणाले, "बरं. उद्या. पण कसं घ्यायचं ते तुम्ही सांगा."

मी त्यांचं फोल्डर मागून घेतलं आणि संध्याकाळी ओसरीवर बसून परीक्षेचे पेपर वाचते तसं शब्दन् शब्द वाचलं. पहिलं पान मागे मुडपलेलं होतं. पोरं प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना सोडून थेट पहिल्या प्रश्नाला हात घालतात ना, तसं साहेबांनी ते पान सोडलेलं. त्यावर लिहिलं होतं की माणूस एरवी, निर्भय असताना, कसा बोलतो ते आधी बघा. ते माहीत नसेल तर पुढच्या खुणांना अर्थ नाही. प्रश्न मोकळे विचारा, मध्ये तोडू नका, आणि पडताळून बघता येईल असं काही विचारा, हेही त्याच पानावर होतं. कागद शहाणे होते. आम्ही दोघांनी घाई केली होती.

माझ्या अटी मी रात्रीच कागदावर उतरवल्या होत्या. वनरक्षक नको, वर्दी नको, खुर्च्या नकोत, खोलीच नको. तिच्या झाडाखाली, तिचं काम चालू असताना.

रविवारी उजाडताच आम्ही मोहाखाली पोचलो. साहेब साध्या टीशर्टमध्ये. मी शेजारणीकडून आधीच निरोप दिला होता की फक्त आम्ही दोघंच येणार. तिने आमच्या मागची वाट लांबवर नीट न्याहाळली, तिसरं कोणी नाही याची खात्री केली आणि मग पदर खांद्यावर टाकला. त्या दिवशी मी तिचा चेहरा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला.

आम्हीही वेचायला बसलो. साहेबांच्या बोटांत फुलं चेंगरत होती.

"साहेब, फुलं वेचून राह्यले का पिळून राह्यले?"

साहेब लाजले. थोडा वेळ तिच्या मुलींचं, मिरचीच्या मजुरीला गेलेल्या नवऱ्याचं, रोपवाटिकेतल्या मुंग्यांचं बोलणं झालं. मी तिच्याकडे बघत होते. ती विचार करताना फूल दोन बोटांत फिरवायची. बोलताना समोर बघायची. आठवत नसलं की "थांबा जी" म्हणायची आणि खरंच थांबायची. हे आम्हाला गुरुवारी कळायला हवं होतं.

मग मी म्हटलं, "आग लागली त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांग. तुझ्या मनाने सांग. आम्ही मध्ये बोलणार नाही."

ती अर्धा तास बोलली. त्यात आमच्या कामाचं नसलेलंही खूप होतं: धाकटीने चप्पल हरवली, टोपलीचा काठ तुटला. पण साहेबांनी तोंड उघडलं नाही, त्याबद्दल त्यांचं कौतुक. झाडाखाली विस्तव लावायचा नाही ही तिच्या सासूची शिस्त होती. मुळं भाजतात आणि पुढच्या वर्षी फुलं कमी पडतात, असं सासू म्हणायची. म्हणून ही खराट्याने झाडते आणि पाचोळा गोठ्यात नेते. त्या दिवशीही झाडला, ढीग केला, दोन टोपल्या भरल्या. ऊन चढल्यावर जाळरेषेकडून धूर आला. हिने पळसाची फांदी मोडली आणि आग झोडपायला धावली.

"हे पाहा न," म्हणून तिने डावा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा लाल पट्टा. गुरुवारी तो पदराखाली होता.

जाळरेषा तुम्हाला ठाऊक नसेल. आग एका भागातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून वनविभाग रानात रुंद पट्टे झाडून, जाळून मोकळे करून ठेवतो. उन्हाळा तापायच्या आत करायचं ते काम.

"रेषेकडे कोण होतं त्या वेळी?" साहेबांना राहवलं नाही.

तिची बोटं थांबली. आसपास आमच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी तिचा हात वर गेला आणि पदर खांद्यावरून कपाळाखाली आला. नजर टोपलीत.

साहेब पुढे वाकले. गुरुवारसारखेच. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि दाबून धरला. ती शांतता तशीच राहू देणं मला आयुष्यातल्या कुठल्याही तासापेक्षा जड गेलं. शिक्षकाला शांतता सहन होत नाही, ती भरून काढायची सवय असते. पण तो पदर मी आदल्या दिवशी बाजारात पाहिला होता. एकाच माणसासाठी तो तसा खाली येत होता. तिने एक शब्द न बोलता, घरची रीत न मोडता, मला सगळं सांगितलं होतं.

"साहेब, हा प्रश्न तिला विचारायचा नाही," मी म्हटलं. "आणि याचं उत्तर तिच्याकडून लिहून घ्यायचं नाही." मग तिच्याकडे वळले. "धूर कुठून कुठे गेला, तेवढं दाखव."

पदर हळूहळू वर गेला. तिने मूठभर फुलं घेतली आणि मातीवर मांडली. हे झाड. हा नाला. ही फुलांची लांब ओळ म्हणजे रेषा. बोटाने तिने रेषेपासून झाडाकडे एक फराटा ओढला.

आम्ही तिघं तसं चालत गेलो. झाडाभोवतीचं झाडलेलं वर्तुळ स्वच्छ होतं, पाचोळ्याचा ढीग न जळता शाबूत होता, आणि काळी जमीन वर्तुळाच्या कडेला येऊन थांबली होती. आग बाहेरून तिच्या झाडाकडे आली होती. रेषेवर गेलो तर अर्धी रेषा झाडलेली, एका तोडलेल्या झाडाच्या थुटापर्यंत, आणि पुढे पाचोळा तसाच. काळा पट्टा नेमका तिथून सुरू होऊन पंख्यासारखा रोपवनाकडे पसरत गेला होता. साहेब उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. तोवर त्यांनी ही जागा स्वतः पाहिली नव्हती. पाहणी वनरक्षकाने केली होती आणि आग मोहाच्या झाडाजवळून गेली एवढंच त्याने कळवलं होतं. गेली होतीच.

दुपारी साहेबांनी वनरक्षकाला बोलावलं आणि पुन्हा दोन खुर्च्या समोरासमोर मांडायला लागले.

"राहू द्या त्या," मी म्हटलं. "एकच विचारा. आणि मग गप्प बसा."

तो आला, नेहमीसारखा दाराशी उभा राहिला. साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी जाळरेषेवर काय झालं?"

त्याने टोपी काढली. "साहेब, तीन दिवसांपासून वाट पाहून राह्यलो मी. मले कोणी विचारलंच नाई."

मग त्याने सांगितलं. पाचोळा उडवायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, ते आलंच नाही. रेषा अर्धी राहिली. पाहणीला वरचे साहेब येणार म्हणून त्याने एकट्याने, भर दुपारी, उरलेली रेषा पेटवून द्यायचं ठरवलं, आणि वारा फिरला. "तिनं फांदी घेऊन आग झोडपली माह्याबरोबर. ती त्या कडेले, मी या कडेले. एक शब्द नाई बोलली ते."

"मग गुरुवारी इथेच उभा होतास. तेव्हा का नाही बोललास?"

"तुमी तिले विचारत होते साहेब. अन् तिच्यासमोर मी कसा बोलू?" त्याने टोपी दोनदा फिरवली. "नाई. हे बी पुरं खरं नाई. हिंमत नाई झाली."

साहेबांनी लगेच गुरुवारचं बयान फाइलमधून काढलं. "हे फाडून टाकू या, मॅडम. विषय संपला."

"नाही."

"आता त्याची गरज काय?"

"त्यावर माझी सही आहे. फाडलं तर मी ती केलीच नव्हती असं होईल." मी पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं की हे बयान घेताना बाईच्या नात्यातला असा माणूस हजर होता ज्याच्यासमोर ती बोलू शकत नव्हती, हे लक्षात न घेता मी तिला खोटं ठरवण्यास संमती दिली, ती चूक होती. खाली परत सही केली. दुसरं बयान त्याला जोडलं. सोमवारी दोन्ही एकत्र गेली. सोमवारी सकाळी मी रोपवाटिकेवरून मुद्दाम चक्कर मारली, तेव्हा ती पिशव्या भरत होती आणि कोणावर तरी ओरडत होती. वनरक्षकाला लेखी समज मिळाली. पुढच्या वर्षी त्याची रेषा फेब्रुवारीतच पूर्ण झाली, आणि साहेबांनी ते यंत्र स्वतः आलापल्लीहून दुरुस्त करून आणलं.

आठवडाभराने ती माझ्याकडे आली. पळसाच्या पानांच्या द्रोणात वाळलेली मोहफुलं घेऊन. पायरीवर बसली, पाणी प्यायली.

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी साहेबानं तुमच्याकडं पायलं, तवा तुमी मान काऊन हालवली?"

मी दचकले. "तुझं तोंड तर भिंतीकडे होतं."

"कपाटाच्या काचेत दिसलं मले."

माझ्याकडे उत्तरं बरीच होती. साहेबांचं प्रशिक्षण, पाच खुणा, माझी शाळेतली पद्धत. ती सगळी मनात लावून पाहिली. मग म्हटलं, "चुकले मी."

"मंग इकडं पाहून सांगा न."

मला नाही पाहता आलं. मी द्रोणाकडे बघत होते, आणि त्या क्षणी मी अगदी खरं बोलत होते. तिने थोडी वाट पाहिली. मग द्रोण माझ्याकडे सरकवला.

"राहू द्या. समजलं मले," ती म्हणाली. "भाजून ठेवजा बाई, नाई तं कीड लागते."